टीम एक, चर्च पाच: पत्र कोणाचं घ्यायचं?

फक्कीवाला (श्रीरामपूर तालुका)

जय ख्रिस्त मंडळी.

प्रश्न छोटा आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय कळायचा नाही, म्हणून थोडं सहन करा.

हरेगावपासून मोटारसायकलवर वीस मिनिटांवर आमचं गाव. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. संध्याकाळी साडेपाचला शटर अर्धं ओढायचं आणि मिशन कंपाउंडच्या मागच्या पटांगणात पोरांना व्हॉलीबॉल शिकवायचं, हे आठ वर्षं चालू आहे. मी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर. बायको कॅथलिक. त्यामुळे हा विषय आमच्या घरी पाटावर बसलेलाच असतो.

टीममध्ये अकरा पोरं, वय पंधरा ते अठरा. चार सीएनआय, चार कॅथलिक, एक मुक्तिफौजेचा (साल्व्हेशन आर्मी), एक पेंटेकॉस्टल आणि एक सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट. मी हे मुद्दाम जुळवलेलं नाही. गावात उडी मारणारी पोरं जेवढी मिळाली तेवढी घेतली, नंतर मोजलं तेव्हा लक्षात आलं.

आता नाताळनंतरच्या शनिवार-रविवारी नगरला एक आंतरचर्च स्पर्धा आहे. फॉर्मवर "मंडळीचे नाव" म्हणून अर्ध्या इंचाची चौकट आहे, आणि त्या मंडळीच्या पाळकांचं किंवा फादरांचं शिक्क्यासकट पत्र लागतं. आमच्या चर्चच्या पंच कमिटीतले एक काका म्हणाले, "सीएनआय लिही, जर्सीचे पैसे आम्ही देतो, फक्त छातीवर नाव आपलं पाहिजे." दुसऱ्या दिवशी कॅथलिक युवकांकडून तसाच निरोप, शब्दाला शब्द. कुणाचं नाव घातलं की कुणाची पोरं घरी बसवली जातील हे मला आत्ताच दिसतंय.

दुसरी अडचण प्रार्थनेची. सामन्याआधी गोल करून, खांद्यावर हात टाकून आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो. सगळ्यांना पाठ आहे म्हणून तीच निवडली. "आम्हांला वाइटापासून सोडव" इथपर्यंत अकरा आवाज एकत्र येतात. तिथं कॅथलिक पोरं आमेन म्हणून हात सोडतात, आणि बाकीचे "कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव" करत पुढं जातात. पहिल्या दिवशी आमचा लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा) बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि त्याच्या डोक्यावर सात जणांची प्रार्थना चालूच. पोरं हसली. मग रोज हसायला लागली, ते मला आवडेना.

म्हणून पोरांनीच तोडगा काढला. रोटेशनमध्ये जो सर्व्हिसला, तो प्रार्थनेला, ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं. दोन सामने बरं चाललं. तिसऱ्याला पेंटेकॉस्टल पोराची पाळी आली. त्यानं टीमसाठी, समोरच्या टीमसाठी, पंचांसाठी, पंचांच्या मुलाबाळांसाठी प्रार्थना केली. पंचांनी दोनदा शिट्टी वाजवली. दुसऱ्या शिट्टीला त्यानं शिट्टीसाठीही आभार मानले.

तिसरं म्हणजे अ‍ॅडव्हेंटिस्ट पोरगा शनिवारी खेळत नाही. तो आमचा लिबेरो, म्हणजे मागं राहून बॉल उचलणारा खेळाडू. तो नसला की मागची बाजू उघडी.

आणि एक गोष्ट, जी माझ्या डोक्यातून जात नाही. गेल्या वर्षी एका गावी सामन्यांच्या आधी मिस्सा (कॅथलिक उपासना) होती. परमप्रसादाला, म्हणजे पवित्र भाकरी घ्यायला, रांग लागली तशी आमची पोरंही कॅथलिक पोरांच्या मागं उठली. मुक्तिफौजेचा पोरगा मला म्हणतो, "सर, तिथं काय देतात?" त्यांच्यात हा विधीच नसतो, बाप्तिस्माही नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं. मी त्याचा शर्ट मागून धरला आणि खाली बसवलं. नियमानं मी बरोबर केलं असेन. पण दहा मिनिटांनी त्याच पोरांना मी सांगणार होतो की कोर्टवर एकमेकांचा बॉल सोडायचा नाही.

तर कुणी अशी मिश्र टीम चालवली आहे का? पत्र कोणाचं घेतलं?

निर्मळकर

दादा, मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे गावंच्या गावं कॅथलिक, त्यामुळे भांडायचं तर दुसऱ्या गावाशी. निर्मळ विरुद्ध गास हा सामना बघितला असता तर ख्रिस्ती ऐक्याचा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता. मी पहिल्यांदा प्रोटेस्टंट मुलींबरोबर राहिले ती पुण्यात हॉस्टेलला, आणि अगदी हेच आमेन आमच्या खोलीत रोज रात्री व्हायचं.

आधी तेच मिटवू. तुमच्या कॅथलिक पोरांना "राज्य, सामर्थ्य, गौरव" परकं नाही. मिस्सात "वाइटापासून सोडव" नंतर फादर एक छोटी प्रार्थना म्हणतात, आणि मग सगळी मंडळी तेच वाक्य म्हणते. म्हणजे आम्ही ते गाळत नाही, मध्ये थांबतो. तुमच्या लोकांनाही सांगा की बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते वाक्य नाही आणि लूकमध्ये तर नाहीच, तेव्हा आम्ही प्रार्थना अर्धी म्हणतो असं कुणी म्हणू नये. उपाय सोपा आहे. कॅथलिक पोरांनी आमेन खिशात ठेवायचं, हात खांद्यावरून काढायचे नाहीत, बाकीच्यांचं होऊ द्यायचं आणि आमेन सगळ्यांनी एकदम. पाच सेकंदांचं काम आहे. ज्याला शेपूट म्हणावंसं वाटेल त्यानं म्हणावं.

परमप्रसादाबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. गंभीर प्रसंग सोडले तर आमच्या चर्चच्या कायद्यानं तो इतर मंडळींच्या लोकांना देता येत नाही. हे त्या फादरांच्या मर्जीवर नाही, आणि त्यांना अवघडात टाकू नका. पण शर्ट धरायची वेळ का आली? कारण आधी कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी आदल्या दिवशी फादरांना फोन करा, "माझी एवढी पोरं कॅथलिक नाहीत, ती रांगेत आली तर काय करू?" बऱ्याच ठिकाणी छातीवर हात आडवे घेऊन आलं की फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. पोराला रांगेतून ओढायची गरज उरत नाही.

मिशनवाडा_नगर

फक्कीवाले, तुम्ही खेळ बरोबर निवडलाय, हे तुम्हाला माहीत आहे का?

व्हॉलीबॉल वायएमसीएच्या घरातला आहे. 1895 साली अमेरिकेत होल्योक गावच्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकानं तो बसवला. बास्केटबॉलमध्ये धक्काबुक्की फार, वय झालेल्या सभासदांना झेपेना, म्हणून मध्ये जाळी बांधली. आधी नाव होतं मिंटोनेट. (बास्केटबॉलही वायएमसीएचाच, चार वर्षं आधीचा.) आणि वायएमसीए म्हणजे मुळातच कुठल्या एका पंथाची नसलेली तरुणांची संघटना. त्यांच्या बोधचिन्हात जे वचन आहे ते योहान 17:21, "त्या सर्वांनी एक व्हावे." भारतात शारीरिक शिक्षणाचं पहिलं मोठं कॉलेजही त्यांचंच, मद्रासला, 1920 सालचं.

दुसरं असं की तुम्ही सीएनआय लिहिलंत तर ते एक चर्च लिहिलं असं होत नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली: अँग्लिकन, काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियनांची युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी मागं राहिले. चर्चा जवळजवळ चाळीस वर्षं चालली होती. त्यात सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला असेल? बाप्तिस्मा कोणत्या वयात, आणि बिशप असावा की नसावा. म्हणजे तुमचा बूट बांधणारा लिफ्टर.

आणि आपल्याच मातीतलं सांगायचं तर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला "देवाचा दरबार" नावाचा ख्रिस्तभक्तांचा गट काढला, तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आणि न झालेल्यांसाठीही होता. पंथाची पाटी त्यांना आधीच जड झाली होती.

फक्कीवाला

दादा, इतिहास वाचून मजा आली. मिंटोनेट पोरांना सांगितलं, तेव्हापासून लिफ्टरचं नाव मिंटो पडलंय. पण चौकट अर्ध्या इंचाचीच आहे. सहा मंडळ्या त्यात मावायला नागपूरला चाळीस वर्षं लागली, माझ्याकडे 10 डिसेंबरपर्यंत वेळ आहे.

आईचं मत

प्रेझ द लॉर्ड. मी खेळाडूची आई आहे, तुमच्या गावची नाही. माझा मुलगा अशाच एका टीममध्ये होता, मी काढून घेतला. मूर्तीपुढं नेतील, वाइनला हात लावतील ही भीती होती, खोटं बोलणार नाही. पण खरं कारण वेगळं आहे.

आम्ही एका जुन्या मंडळीतून बाहेर पडून संगतीत, म्हणजे छोट्या स्वतंत्र प्रार्थनामंडळीत, गेलो. कुठली मंडळी ते लिहीत नाही. माझे वडील वारले तेव्हा दफनभूमीत जागेसाठी आम्हाला सकाळपासून दुपारी चारपर्यंत बसवून ठेवलं. तुमचा पास्टर कोण, नोंद कुठं आहे, वर्गणी कधी भरली. जून महिना होता. चुलत्यांनी मध्ये पडून कोपऱ्यातली जागा मिळवली. तीच माणसं स्पर्धेच्या उद्घाटनाला "आपण सर्व ख्रिस्ताचे एक शरीर" म्हणतात तेव्हा माझ्या कानात ऊन वाजतं.

सर, तुमच्यावर राग नाही. तुमची पोरं चांगली असतील. पण पत्र कोणाचं घ्यायचं विचारता, तर आमच्या पास्टरचं पत्र कुणी धरतं का ते आधी विचारा. आमच्याकडे शिक्का नसतो.

फक्कीवाला

ताई, दोन दिवस झाले, उत्तर लिहितोय आणि खोडतोय. दफनभूमीच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही असं घडलंय आणि मी तेव्हा गप्प होतो. आमच्या पेंटेकॉस्टल पोराची संगती एका घराच्या गच्चीवर पत्र्याखाली भरते. त्यांच्याकडे शिक्का आहे का, हे मी आजवर विचारलंच नव्हतं. विचारून सांगतो.

सूर्यास्त

मी अ‍ॅडव्हेंटिस्ट घरातली. लिबेरोच्या बाजूनं दोन शब्द.

"शनिवारी खेळत नाही" असं म्हणू नका. त्याचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. आयोजकांना शनिवारचा शेवटचा सामना मागा, लाइटखाली, साडेसातला. त्यांनाही तो हवाच असतो, गर्दी त्याच सामन्याला जमते. माझ्या भावासाठी आम्ही तीन वर्षं असंच मागून घेतलं.

पण पोरावर सोडू नका. "तू ठरव, टीम की देव" हे वाक्य माझ्या भावाला एका सरांनी सतराव्या वर्षी ऐकवलं होतं. तो अजून खेळतो, पण त्या सरांशी बोलत नाही. तुमच्या सीएनआयच्या पोरांना रविवारी सकाळी नऊचा सामना दिला असता तर तुम्ही आयोजकांशी भांडला असताच की. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेलनं रविवारी हीट होती म्हणून शंभर मीटर सोडली आणि चारशे मीटरला सुवर्ण घेतलं, ही गोष्ट सगळ्या रविवारच्या शाळांत सांगतात. शनिवारसाठी कुणी तेच केलं की तो हट्टी.

आणि त्याला शुक्रवारी प्रवास करायला लावा, शनिवारी नको. नगरला नातेवाईक आहेत का बघा.

मिशनवाडा_नगर

एक राहिलं. फक्कीवाले, तुमच्या गावात उडी मारणारी पोरं फक्त ख्रिस्तीच आहेत का?

फक्कीवाला

बरोबर पकडलंत. नाहीत. आमचा सगळ्यात उंच स्मॅशर बौद्ध आहे. तालुक्याच्या स्पर्धेत तोच आमचं हत्यार. या स्पर्धेत तो चालत नाही, नियम आहे. तरी सरावाला रोज तोच आधी येतो, फक्की मारून कोर्टच्या रेघा आखतो, नेट बांधतो. प्रार्थनेच्या वेळी बॉल घेऊन बाजूला उभा राहतो. त्याला एकदा विचारलं, तुला कसं वाटतं? म्हणाला, "काही नाही सर, फक्त तुम्ही सगळे एकदम थांबत नाही, ते बघून घ्या."

फक्कीवाला (जानेवारी)

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून काय झालं ते सांगतो.

फॉर्मच्या चौकटीत मी लिहिलं, "मागे पाहावे." मागच्या बाजूला पाच सह्या. पहिली सही कोणाची यावर भांडण होणार या धास्तीनं मी पान आधी फादरांकडे नेलं. ते निघायच्या घाईत होते, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी अगदी खाली कोपऱ्यात सही केली आणि गेले. मग आमच्या पाळकांना फादरांच्या वर सही करायला अवघड वाटलं, त्यांनी शेजारी केली. मुक्तिफौजेच्या मेजरांनी हुद्द्यासकट, फळीवर आखल्यासारखी सरळ. अ‍ॅडव्हेंटिस्ट पाळक श्रीरामपूरला भेटले, त्यांनी फॉर्म पूर्ण वाचला, शनिवारच्या वेळेखाली रेघ मारली आणि मग सही केली. वरचा अर्धा कागद कोराच राहिला.

गच्चीवरच्या पास्टरांकडे शिक्का नव्हताच. सही करताना ते म्हणाले, "हे चालणार नाही बघा." आयोजकांनी खरंच कागद परत पाठवला, पाचव्या सहीला शिक्का नाही. मी कागद घेऊन आमच्या पाळकांकडे गेलो, काय करू विचारायला. त्यांनी काही न बोलता त्या सहीशेजारी लिहिलं, "यांना मी ओळखतो", खाली स्वतःची सही केली आणि आमच्या मंडळीचा शिक्का मारला. कमिटीतल्या काकांनी नंतर त्यांना बरंच ऐकवलं असं कळलं. आईचं मत ताई, हे तुम्हाला सांगायचं होतं. दफनभूमीचं अजून काही झालेलं नाही.

जर्सीवर शेवटी माझ्या दुकानाचं नाव आहे. पैसेही माझेच गेले, साडेतीनशेप्रमाणे बारा जर्सी, 4200. बायको म्हणाली, या घराण्यात ऐक्य नेहमी आपल्याच खर्चानं होतं. बारावी जर्सी नेट बांधणाऱ्याची. तो स्कोअरर म्हणून आला, त्याला आयोजकांची हरकत नव्हती.

शनिवारचा साडेसातचा सामना मिळाला. लिबेरो शुक्रवारी दुपारीच आत्याकडे जाऊन राहिला होता. संध्याकाळी मैदानावर आला तो धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यांत, आणि दहा मिनिटांत मातीनं भरला. सूर्यास्त ताई, आभार. आयोजकांनी खरंच एका फोनमध्ये मान्य केलं. मी उगाच महिनाभर झोप घालवली.

उद्घाटनाला या वेळी मिस्सा नव्हती, साधी उपासना होती, त्यामुळे छातीवर हात आडवे घ्यायची वेळ आली नाही. पण मी पोरांना आधी सांगून ठेवलं होतं. मुक्तिफौजेचा पोरगा थोडा हिरमुसला, त्यानं आरशासमोर सराव केला होता.

आमेनचं जमलं, बऱ्यापैकी. कॅथलिक पोरं आता थांबतात. एक जण शेपूट म्हणतोही, हळू आवाजात, आई बघत नसेल तर. पहिल्या सामन्याला सगळ्यांचं आमेन एकदम आलं, आणि स्कोअररनं टेबलावरून अंगठा वर केला. दुसऱ्या सामन्याला मिंटो परत बूट बांधत होता.

उपांत्य सामना हरलो. तिसरा सेट 15-13. शेवटचे दोन पॉइंट मधल्या जागेत पडले, दोघंही "तुझा" म्हणून थांबले. एक सीएनआय, एक कॅथलिक. यावरून गावात जे विनोद झाले ते इथं लिहीत नाही.

जानेवारीत 18 ते 25 ऐक्याची प्रार्थना असते, त्यात एका संध्याकाळी फादरांनी आमच्या पोरांना वाचनाला बोलावलंय. गच्चीवरच्या पास्टरांनाही बोलावणं आहे. ते येतील का माहीत नाही, "बघू" म्हणालेत. त्यांचा पोरगा वाचणार आहे, मी त्याला वेळ सांगून ठेवली आहे, तीन मिनिटं.

आता खरं काम. आमच्या नेटचा खालचा कोपरा उंदरानं कुरतडलाय आणि वरची तार गंजली आहे. नगर-श्रीरामपूर भागात कुणाकडे जुनं पण धड नेट पडून असेल तर कळवा, मी घ्यायला येतो. 2.43 मीटर उंचीला बांधायचं आहे. एक खांब थोडा कललाय, तेवढं मी सांभाळून घेतो.